मोठी संख्या वहीत उतरवली की पुढे काय करायचं

मोठ्या संख्येला प्रश्न विचारायचे तर ते क्रमाने विचारावेत. आधी मूळ अवयव, मग बाकी सगळं. हा क्रम पाळला तर सात-आठ अंकी संख्या पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीने, तासाभरात उलगडते. क्रम चुकला तर नुसतेच भागाकार होत राहतात आणि हाती काही लागत नाही.

मी परळच्या एका रात्रशाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. माझी मुलं दिवसभर कामावर असतात. कुणी मशीद बंदरच्या गोदामात, कुणी लालबागच्या मसाल्याच्या दुकानात, कुणी हॉटेलच्या भटारखान्यात. मोठमोठ्या संख्या त्यांच्या हाताखालून दिवसभर जातात: पावती क्रमांक, पार्सलचे नंबर, बिलं. पण बघायचे असतात ते शेवटचे चार अंक. आख्ख्या संख्येकडे बघायला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आकडा आणायचं काम मी मुलांवरच सोपवते आणि आम्ही तो फळ्यावर सोडवतो. दिनेश कुरियरच्या गोदामात स्टिकर लावतो. त्याने आणलेली संख्या मी इथे घेते, कारण तिच्यात शिकवण्यासारखं पुष्कळ आहे:

८४,८५,८४८

चौऱ्याऐंशी लाख पंच्याऐंशी हजार आठशे अठ्ठेचाळीस. त्याने ती निवडली कारण उलटी वाचली तरी तीच राहते. हा गुण छानच आहे, पण त्याच्याकडे आपण शेवटी वळू. का ते तिथे सांगते.

बसण्याआधी एक तयारी करा. १ ते १५० संख्या लिहा, १ खोडा, मग २, ३, ५, ७ आणि ११ यांच्या पटीतल्या संख्या खोडा (ते पाच आकडे स्वतः ठेवा). १३ चा वर्ग १६९, म्हणजे १५० च्या पलीकडे, त्यामुळे पुढे खोडायची गरज नाही. उरतात त्या ३५ मूळ संख्या. ही यादी वहीच्या मागच्या पानावर कायमची असू द्या. मोबाइलचा कॅल्क्युलेटर वापरायला माझी हरकत नाही, फक्त दशांश चिन्हानंतरचे अंक बघून ‘भाग जातो’, ‘जात नाही’ ठरवू नका, बाकी काढा. आणि संख्या १५ अंकांच्या वर गेली तर एक्सेलवर विसंबू नका. तिथे सोळाव्या अंकापासून पुढे शून्यं बसतात आणि सांगतही नाही. पायथनमध्ये पूर्णांक कितीही लांब असला तरी एकेक अंक शाबूत राहतो.

पहिला प्रश्न आकाराचा: वर्गमूळ साधारण किती? २,९०० चा वर्ग ८४,१०,०००. उरले ७५,८४८. त्याला २,९०० च्या दुपटीने, म्हणजे ५,८०० ने भागलं तर १३ येतात. २,९१३ चा वर्ग ८४,८५,५६९. आपली संख्या याहून २७९ ने मोठी, आणि २,९१४ चा वर्ग तिच्या पलीकडे. म्हणजे ती पूर्ण वर्ग नाही. हे तर शेवटच्या ८ वरूनही कळलं असतं, कारण कुठल्याही वर्गाच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ येत नाही. पण २,९१३ हा आकडा आपल्याला दुसऱ्या कामासाठी हवा आहे. संख्या दोन अवयवांचा गुणाकार म्हणून लिहिली तर त्यातला एक तरी वर्गमूळाच्या आतच असतो. म्हणजे शोध ८४ लाखांपर्यंत न्यायचा नाही, २,९१३ च्या आत करायचा. आणि जसजसे अवयव बाहेर काढू, तसतशी ही सीमा खाली येत जाते.

आता शेपटाकडून सुरू करा. शेवटचे तीन अंक ८४८, म्हणजे ८ × १०६. म्हणून सबंध संख्येला ८ ने भाग जातो. १६ साठी शेवटचे चार अंक बघायचे: ५,८४८ ला १६ ने भागलं तर ८ बाकी उरते. म्हणजे २ हा अवयव नेमका तीनदा. तो बाहेर काढला:

८४,८५,८४८ = ८ × १०,६०,७३१

मग अंकांची बेरीज. १ + ० + ६ + ० + ७ + ३ + १ = १८. नवाने भाग जातो. मुंबईत गाडीचा नंबर घेताना, घर घेताना लोक अंकांची बेरीज करून शुभ-अशुभ ठरवतात. मी मुलांना सांगते, ही बेरीज खरोखर एक गोष्ट सांगते आणि ती कधीच चुकत नाही: नवाने भागल्यावरची बाकी. कारण १०, १००, १,००० या सगळ्यांना ९ ने भागलं की १ उरतो, त्यामुळे प्रत्येक अंक आपल्या जागी स्वतःएवढीच बाकी ठेवतो. नवाने भागून उरतात १,१७,८५९. याच्या अंकांची बेरीज ३१, म्हणजे आता ३ सुद्धा शिल्लक नाही.

पुढची कसोटी माझी सगळ्यात आवडती. ७ × ११ × १३ = १,००१. हजार हा १,००१ पेक्षा एकने कमी, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची आळीपाळीने वजाबाकी केली की ७, ११ आणि १३ या तिघांची चाचणी एका दमात होते. आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांवर पडतात, इथे ते डोळ्याआड करा आणि तीन-तीनच मोजा. १,१७,८५९ चे गट ११७ आणि ८५९. ८५९ − ११७ = ७४२. आता ७४२ एवढ्या छोट्या संख्येला विचारा. ७ × १०६ = ७४२, सात चालला. अकराने भागल्यावर ५ उरतात, तेराने भागल्यावर १. दोघे बाद. सातने भागून उरले १६,८३७. पुन्हा सात? ८३७ − १६ = ८२१, त्याला सात जात नाही.

८४,८५,८४८ = २³ × ३² × ७ × १६,८३७

इथे बरेच जण दमतात. १६,८३७ चं वर्गमूळ १३० च्या किंचित आत आहे. यादीतल्या १७ पासूनच्या मूळ संख्या एकेक करून लावायच्या म्हटलं, तर कामाला येणारी संख्या चोविसाव्या भागाकाराला भेटते. चोवीस भागाकार काही फार नाहीत, पण त्याआधी सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा याची युक्ती करून बघावी.

कुठलेही दोन विषम अवयव घ्या. त्यांच्या बेरजेच्या निम्म्याचा वर्ग, वजा त्यांच्या फरकाच्या निम्म्याचा वर्ग, म्हणजे त्यांचा गुणाकार. तर उलटं जायचं: वर्गमूळाच्या लगेच वरची संख्या घ्या, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा, आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का बघा. १३० चा वर्ग १६,९००. वजा १६,८३७, उरले ६३. शेवटी ३ आहे, वर्ग असूच शकत नाही. १३१ चा वर्ग १७,१६१. वजा १६,८३७, उरले ३२४. आणि ३२४ म्हणजे १८ × १८. झालं!

१६,८३७ = (१३१ − १८) × (१३१ + १८) = ११३ × १४९

चोवीस भागाकारांऐवजी दोन वजाबाक्या. फळ्यावर हे घडतं तेव्हा डुलक्या देणारी मुलंसुद्धा सरळ होऊन बसतात. स्वतः फर्माने १६४३ च्या एका पत्रात २,०२,७६,५१,२८१ ही संख्या याच रीतीने फोडली: ४४,०२१ × ४६,०६१. वर्गमूळ ४५,०२९ च्या पुढे, म्हणून ४५,०३० पासून सुरुवात, आणि बाराव्या पायरीला, ४५,०४१ वर, पूर्ण वर्ग मिळतो. भागाकार करत गेलात तर हजारोंनी करावे लागले असते.

पण ही रीत चालते ती दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हा. एक लहान आणि एक भलामोठा असेल तर ती साध्या भागाकारांपेक्षाही रेंगाळते. म्हणून माझा नियम असा: आधी ७-११-१३ पर्यंतच्या कसोट्या, मग पाच-सहा पायऱ्या फर्मा, तरी नाही फुटली तर मुकाट्याने यादी. आणि ज्या संख्या मुद्दामच फुटू नयेत म्हणून बनवलेल्या असतात त्यांच्या नादी हाताने लागू नये. आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या २०२० मध्ये फुटली, तीही पुष्कळ संगणकांनी मिळून काम केल्यावर. मोठ्या संख्यांचा गुणाकार चुटकीसरशी होतो आणि अवयव मात्र मिळत नाहीत, याच अंतरावर संदेश गुप्त ठेवणारी आरएसए कूटपद्धती उभी आहे.

११३ आणि १४९ दोन्ही मागच्या पानावरच्या यादीत आहेत, तेव्हा काम पुरं झालं:

८४,८५,८४८ = २³ × ३² × ७ × ११३ × १४९

पुढे जाण्याआधी ताळा करा. नवाचा ताळा इथे निरुपयोगी आहे, दोन्हीकडे शून्यच येणार. शिवाय अंकांची अदलाबदल झाली तर नवाला पत्ता लागत नाही. अकराचा ताळा घ्या. संख्येचे अंक आळीपाळीने अधिक-वजा: ८ − ४ + ८ − ५ + ८ − ४ + ८ = १९, अकराने भागून बाकी ८. अवयवांकडून: ८ × ९ = ७२, बाकी ६. सहा सत्ते बेचाळीस, बाकी ९. ११३ ची बाकी ३, नऊ त्रिक सत्तावीस, बाकी ५. १४९ ची बाकी ६, पाच सक तीस, बाकी ८. जुळलं.

आता संख्या बोलायला लागते. विभाजक किती? प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करा: ४ × ३ × २ × २ × २ = ९६. कारण विभाजक बनवताना २ शून्य ते तीन वेळा घेता येतो, म्हणजे चार पर्याय, ३ चे तीन पर्याय, बाकीच्यांचे दोन-दोन. शहाण्णव म्हणजे पुष्कळ वाटतात. पण थोडंसंच पुढे ८६,४८,६४० ही संख्या आहे. तिचे अवयव २⁶ × ३³ × ५ × ७ × ११ × १३, आणि विभाजक ४४८. तिच्याहून लहान असलेल्या कुठल्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. असा विक्रम मोडणाऱ्या संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ मध्ये एक मोठा निबंध प्रसिद्ध केला होता. दोन संख्या शेजारी ठेवल्या की कळतं, विभाजक वाढवायचे तर लहान लहान मूळ संख्या भरपूर हव्यात. ११३ आणि १४९ सारख्या मोठ्यांनी जागा खूप अडते आणि पर्याय मात्र दोनच मिळतात.

विभाजकांची बेरीज हवी असेल तर ९६ आकडे मांडत बसू नका. (१ + २ + ४ + ८) × (१ + ३ + ९) × (१ + ७) × (१ + ११३) × (१ + १४९), म्हणजे १५ × १३ × ८ × ११४ × १५०, म्हणजे २,६६,७६,०००. यातून संख्या स्वतः वजा केली तरी १,८१,९०,१५२ उरतात, तिच्या दुपटीहून जास्त. विभाजकांची अशी बेरीज संख्येइतकीच भरली तर तिला परिपूर्ण म्हणतात (६, २८, ४९६), जास्त भरली तर विपुल. ही चांगलीच विपुल आहे. तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ सोडून समान विभाजक नसलेल्या), तिच्याहून लहान संख्या किती हे हवं असेल तर ४ × ६ × ६ × ११२ × १४८ = २३,८६,९४४. हे सूत्र अकरावी-बारावीनंतर भेटतं, इथे नुसतं करून ठेवा.

दोन वर्गांच्या बेरजेचा प्रश्न मात्र घाईने टाकू नका, फार सुंदर आहे. नियम असा: मूळ अवयवांपैकी ज्यांना ४ ने भागून ३ उरतात त्यांचे घातांक सम असले पाहिजेत, तरच संख्या दोन वर्गांची बेरीज होते. आपल्याकडे असे दोन आहेत, ३ आणि ७. तीनाचा घातांक २, चालेल. साताचा १, नाही चालणार. म्हणून ८४,८५,८४८ ही दोन वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येणार नाही, कितीही जोड्या शोधल्या तरी. एका सातामुळे!

पण आतला १६,८३७ मोकळा आहे. ११३ = ७² + ८² आणि १४९ = ७² + १०². ब्रह्मगुप्ताने ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात दिलेल्या रीतीने दोन्ही सांधता येतात. चारही आकडे ओळीत ठेवा: ७, ८ आणि ७, १०. सरळ गुणाकार ७ × ७ = ४९ आणि ८ × १० = ८०, तिरपे गुणाकार ७ × १० = ७० आणि ८ × ७ = ५६. सरळांची बेरीज आणि तिरप्यांची वजाबाकी: १२९ आणि १४. उलट केलं, सरळांची वजाबाकी आणि तिरप्यांची बेरीज: ३१ आणि १२६.

१२९² + १४² = १६,६४१ + १९६ = १६,८३७
३१² + १२६² = ९६१ + १५,८७६ = १६,८३७

एकच संख्या, दोन वेगळ्या रीतींनी. हे मी वर्गात कधीच पटकन उरकत नाही. मुलांना स्वतः वर्ग करून बेरीज करू देते, कारण दुसरी ओळ जुळते तेव्हा चेहऱ्यावर जे येतं ते माझ्या सांगण्याने येत नाही.

यानंतर विचारा: १ ला या संख्येने भागलं तर दशांशात काय दिसेल? इथेही अवयवच उत्तर देतात. २ चा घातांक ३, म्हणून सुरुवातीचे तीन अंक आवर्तनाबाहेर. मग पुन्हा पुन्हा येणाऱ्या गटाची लांबी. १/७ मध्ये १४२८५७ हे सहा अंक फिरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. १/११३ मध्ये ११२ अंकांचा गट फिरतो आणि १/१४९ मध्ये १४८ अंकांचा. कुठल्याही मूळ संख्येसाठी (२ आणि ५ सोडून) हा गट जितक्या अंकांचा असतो तो आकडा त्या संख्येहून एकने लहान आकड्याला निःशेष भागतोच. ७, ११३ आणि १४९ या तिघांत तो पुरता तेवढाच भरला आहे, असं सगळ्या मूळ संख्यांत होत नाही. उरला ३², म्हणजे ९: १/९ मध्ये एकच अंक फिरतो. सगळे चाकांसारखे एकदम पुन्हा जागेवर यायला लसावि लागतो: १, ६, ११२ आणि १४८ यांचा लसावि १२,४३२. म्हणजे १ ÷ ८४,८५,८४८ करायला बसलात तर तीन अंकांनंतर १२,४३२ अंकांचा गट येईल आणि मग तोच फिरत राहील. भागाकार न करता हे सांगता येतं. ‘लसावि कशाला शिकायचा’ असं विचारणाऱ्याला मी हेच करून दाखवते.

आता दिनेशचा गुण. संख्या उलटसुलट सारखी आहे, खरं. पण हा गुण तिच्या दशमान लिखाणाचा आहे. द्विमान पद्धतीत (जिथे फक्त ० आणि १ वापरतात) ती २४ अंकी होते, पहिला अंक १ आणि शेवटी तीन शून्यं (२³ मुळे), म्हणजे तिथे ती उलटसुलट सारखी राहतच नाही. ९६ विभाजक, दोन वर्गांचा नकार हे कुठल्याही लिखाणात तसेच राहतात. म्हणून मी अंकांचे गुण शेवटी ठेवते. ते कमी प्रतीचे आहेत म्हणून नाही. त्यांचा शोध घ्यायची रीतच वेगळी आहे. अशा सात अंकी संख्या एकूण ९,०००: पहिले चार अंक ठरवले की बाकीचे आपोआप ठरतात, आणि पहिला तेवढा शून्य नको. अंक सम असते, सहा किंवा आठ, तर ११ ने भाग जायलाच हवा होता. सात आहेत, म्हणून तसं बंधन नाही.

अंकांचे गुण म्हटलं की द. रा. कापरेकर यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे. ६१७४ त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो: चार अंक (सगळे सारखे नकोत) उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करत राहिलं की शेवटी हाच आकडा येतो. कुठलंही विद्यापीठ पाठीशी नसताना एका शाळामास्तराने हे केलं, आणि मी शाळेतच शिकवते, म्हणून मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच वाटतं. त्यांचे दोन प्रश्न आपल्या संख्येला विचारा. ती हर्षद आहे का, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाते का? बेरीज ४५. पाचाने भाग जात नाही, तेव्हा ४५ ने कुठून जाणार? नाही.

दुसरा प्रश्न: ती स्वयंभू आहे का? म्हणजे, एखादी संख्या अधिक तिच्याच अंकांची बेरीज असं करून ही मिळते का, की हिला जनकच नाही? सात अंकांची बेरीज फार तर ६३, तेव्हा जनक ८४,८५,७८५ च्या खाली नसणार. म्हणजे तो ८४८५७ ने तरी सुरू होणार किंवा ८४८५८ ने. शेवटचे दोन अंक क आणि ख धरा. ८४८५८ ने सुरू होत असेल तर पहिल्या पाच अंकांची बेरीज ३३, आणि समीकरण येतं ११क + २ख = १५. क विषम हवा, म्हणून क = १, ख = २. जनक सापडला: ८४,८५,८१२, अंकांची बेरीज ३६, मिळून ८४,८५,८४८. ८४८५७ ने सुरू होत असेल तर ११क + २ख = ११६; क सम हवा, आणि ८ घेतला तरी डावी बाजू १०६ च्या वर जात नाही. म्हणजे जनक आहे आणि एकच आहे. स्वयंभू नाही.

घरी एकट्याने करायला मी मुलांना ११,११,१११ देते. कापरेकरांच्या डेम्लो संख्यांमध्ये या नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग येतात: हिचा वर्ग १२३४५६७६५४३२१. डेम्लो हे नाव त्यांनी जी.आय.पी. (म्हणजे आजच्या मध्य) रेल्वेवरच्या ज्या स्टेशनावरून घेतलं ते आजचं डोंबिवली; माझ्या वर्गातली निम्मी मुलं साडेनऊला शाळा सुटल्यावर तिकडचीच गाडी पकडतात.

११,११,१११ वर सगळ्या सोप्या कसोट्या बाद होतात. अंकांची बेरीज ७, तीन नाही. गट १, १११, १११: १११ − १११ + १ = १, तेव्हा ७, ११, १३ कोणीच नाही. फर्माही लवकर फळत नाही. वर्गमूळ १,०५४, आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्या पावणेदोनशेच्या वर. पण थांबा. ही संख्या ९९,९९,९९९ चा नववा भाग आहे. हिला भागणारी मूळ संख्या प घेतली तर १/प चा आवर्ती गट ७ अंकांचा असायला हवा (एक अंकाचा फक्त ३ साठी आणि ९ साठी, आणि तीन आपण बाद केला). गटाची लांबी प − १ ला भागते, म्हणून प − १ हा ७ च्या पटीत. तो समही आहे, म्हणून १४ च्या पटीत. तेवढेच उमेदवार: २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९... यातल्या ११३ चा गट ११२ अंकांचा आहे हे वर आलंच, तेव्हा तो भागाकार करायचाच नाही. २९, ४३, ७१, १२७, १९७, २११ यांना बाकी उरते. सातव्या भागाकाराला २३९ निःशेष जातो आणि उरतात ४,६४९. ही मूळ आहे का? हिचं वर्गमूळ ६९ च्या आत. ६९ च्या आतले उमेदवार फक्त २९ आणि ४३, आणि ते आधीच बाद झालेत. म्हणजे ४,६४९ मूळ आहे, एकही नवा भागाकार न करता.